खाऱ्या पाण्याच्या टँकवर काचेचं झाकण: ठेवायचं की नाही, हे कसं ठरवायचं

खाऱ्या पाण्याचा टँक नव्याने लावणाऱ्याला झाकणाबद्दल दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, काच ठेवलीस की पाण्याचा श्वास कोंडला. दुसरा म्हणतो, काच नसेल तर सकाळी मासा जमिनीवर सापडेल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच नवखा माणूस अडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या टँकमध्ये मासे आहेत तो वरून पूर्ण उघडा ठेवू नये. काच घ्यायची की जाळी, एवढंच ठरवायचं असतं. त्याचं उत्तर तुमच्या टँकमधून रोज किती पाणी आटतं आणि त्यातली उष्णता कोणत्या वाटेने बाहेर पडते, यावर अवलंबून आहे. या दोन गोष्टी मोजता येतात, आणि मोजल्याशिवाय काच कापायला देऊ नका.

लागणारं साहित्य

- रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याची क्षारता मोजायचं उपकरण) आणि तो जुळवण्यासाठी ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावण (नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं तर ३५ च्या आसपास वाचन चुकू शकतं)
- एक दशांश अंशापर्यंत दाखवणारा थर्मामीटर
- पीएच मीटर किंवा चांगला टेस्ट किट
- मापाचा जग, मार्कर, मोजपट्टी
- लहान एअर पंप आणि एअरस्टोन
- आरओडीआयचं पाणी (फिल्टर करून क्षार काढून टाकलेलं गोडं पाणी)
- वही. मोबाइलमध्ये नोंदी केल्या तरी चालतील, पण त्या रोज व्हायला हव्यात.

१. टँकमध्ये कोण राहतं ते आधी पाहा

काही मासे उडी मारणारेच असतात. फायरफिश, फेअरी आणि फ्लॅशर रॅस, जॉफिश, बऱ्याच गोबी, अँथियास ही नेहमीची नावं. मोरे ईल उडी मारत नाही, ती फट शोधून सरपटत बाहेर येते. ऑक्टोपस तर हलकं झाकण ढकलूनही निघतो. क्लाउनफिश आणि टँग सहसा उडत नाहीत, पण भांडण लागलं की तेही उडालेले आहेत. त्यामुळे ‘आमचे मासे शांत आहेत’ या भरवशावर राहू नका.

मासा बहुतेक वेळा घाबरून उडतो. फायरफिशचं उदाहरण घ्या. दचकला की तो आपल्या बिळाकडे धाव घेतो. ते बीळ दुसऱ्या माशाने बळकावलेलं असेल, तर त्याला वरचीच वाट उरते. दिवा एकदम बंद होणं, रात्री खोलीत अचानक उजेड पडणं, नवा मासा सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस, या धोक्याच्या वेळा. दिवे अर्ध्या तासात हळूहळू मंद होतील असं लावलं तर उड्या कमी होतात, पण थांबत नाहीत.

टँकमध्ये फक्त प्रवाळ, गोगलगायी आणि कोळंबी असतील तर झाकणाची घाई नाही. तरी पुढचा भाग वाचा, कारण पाणी त्यांच्याही टँकमधून आटतंच.

२. सात दिवस पाणी मोजा

सगळा निर्णय या पायरीवर उभा आहे, म्हणून इथे वेळ द्या.

पाणी आटतं तेव्हा वाफ होऊन फक्त पाणी जातं, मीठ मागे राहतं. १०० लिटरच्या टँकमध्ये ३५ पीपीटी क्षारता आहे आणि ३ लिटर पाणी आटलं, तर क्षारता ३६.१ वर जाते. ४० लिटरच्या छोट्या टँकमधून २ लिटर गेलं तर ती ३६.८ होते. म्हणजे टँक जितका लहान तितकं आटणं महागात पडतं. दोन दिवस कुणी पाहिलं नाही तर छोट्या टँकमधल्या प्रवाळांना ते लगेच जाणवतं.

मोजायची रीत सोपी आहे. टँकला संप (खालची जोड-टाकी) असेल तर मुख्य टँकची पातळी हलत नाही, घट सगळी संपमधल्या रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी वर परत पाठवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यात दिसते. त्या कप्प्यावर मार्करने खूण करा. संप नसेल तर टँकच्या मागच्या काचेवर करा. ऑटो टॉप-अप (आटलेलं पाणी आपोआप भरणारी सोय) असेल तर त्याच्या डब्यातलं पाणी किती उतरलं ते मोजा. रोज ठरावीक वेळी, पंप चालू असताना, खुणेपर्यंत आरओडीआयचं पाणी भरा आणि किती मिलिलिटर लागलं ते लिहा. भरपाई गोड्या पाण्यानेच करायची. नवखे लोक इथे खारं पाणी घालतात आणि क्षारता का चढते याचा शोध घेत बसतात. खारं पाणी घालायचं ते पाणी बदलताना.

सोबत तीन गोष्टींची नोंद ठेवा: सकाळी दिवे लागण्याआधीचं तापमान, रात्री दिवे विझण्याआधीचं तापमान, आणि पंखा किंवा एसी चालू होता का. हवा दमट असेल त्या दिवसांत पाणी कमी आटतं, कोरड्या हवेत किंवा पंख्याखाली जास्त. एकाच आठवड्यात आकडे बरेच खालीवर झाले तर टँकमध्ये बिघाड शोधू नका, आधी खोलीतली हवा बदलली का ते बघा.

३. उष्णतेचा हिशेब करा

पाणी आटताना उष्णता घेऊन जातं. दिवसाला एक लिटर पाणी आटत असेल तर ते सरासरी २८ वॅट उष्णता वाहून नेण्याइतकं काम करतं. तुमच्या टँकमधून रोज ३ लिटर जात असेल तर ८० वॅटच्या वर थंडावा तुम्हाला फुकट मिळतोय. काच ठेवली की त्यातला मोठा भाग बंद होतो. पंप आणि दिवे मात्र तेवढीच उष्णता पाण्यात ओतत राहतात.

प्रवाळांच्या टँकला २४ ते २७ अंश सेल्सियस मानवतं. तुमच्या नोंदीत संध्याकाळचं तापमान उघड्या टँकमध्येच २७ च्या पुढे जात असेल, तर बंद काच तुमच्यासाठी नाही, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लावणार असाल तर गोष्ट वेगळी. उलट खोली थंड असेल आणि हीटर रात्रभर चालू राहत असेल, तर काच विजेची बचत करते आणि तापमानही स्थिर ठेवते.

अंदाजावर सोडू नका, तात्पुरतं झाकून पाहा. ॲक्रिलिकचा किंवा जाड पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा टँकवर ठेवा, मागे पाइपांपाशी फट सोडा आणि दोन दिवस तापमान बघा. हे सुट्टीच्या दिवशी, घरात असताना करा. तापमान दीड-दोन अंशांनी चढून तिथेच थांबलं आणि तरीही २७ च्या आत राहिलं, तर काच चालेल. चढतच राहिलं तर पत्रा काढा, उत्तर मिळालं.

४. हवेची चाचणी घ्या

‘काचेखाली ऑक्सिजन संपतो’ हे वाक्य फार ऐकू येतं. काच हवाबंद नसते, पाइपांच्या फटींतून हवा येत-जात राहते. ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो हलणाऱ्या पृष्ठभागातून. पृष्ठभाग नीट घुसळला जात असेल आणि स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण वेगळी करणारं उपकरण) बाहेरची हवा ओढत असेल, तर काच असूनही मासे ठीक राहतात. पाणी वरून सपाट दिसत असेल, त्यावर तेलकट साय धरली असेल, तर उघड्या टँकमध्येही मासे धापा टाकतील. खाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात साधारण ६.८. त्यामुळे इथे हयगय चालत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती कार्बन डायऑक्साइडची. तो पाण्यात साचला की पीएच उतरतो. रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या टँकमध्ये, पीएच ८.१ ते ८.४ असावा असं आपण धरतो. तुमचा त्याखाली राहत असेल तर काचेला दोष देण्याआधी ही चाचणी करा.

टँकमधलं पाणी दोन भांड्यांत घ्या आणि पीएच लिहून ठेवा. एका भांड्यात त्याच खोलीत तासभर एअरस्टोन चालवा, दुसऱ्यात गॅलरीत किंवा खिडकीबाहेरच्या हवेत. दोन्ही पुन्हा मोजा.

खोलीत हवा दिलेल्या पाण्याचाही पीएच ०.१ किंवा जास्त चढला, तर टँकमध्ये हवेची देवाणघेवाण अपुरी आहे. पृष्ठभाग जास्त हलवा, आणि काच असेल तर ती सरकवून फट वाढवा. फक्त बाहेरच्या हवेतल्या पाण्याचा पीएच चढला, तर खोलीतल्या हवेतच कार्बन डायऑक्साइड जास्त आहे. तिथे झाकण काढून काही मिळणार नाही. खिडकी उघडा किंवा स्किमरची हवेची नळी बाहेर न्या. दोन्हींत फरक पडला नाही तर कारण हवेत नाही, अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरायची पाण्याची क्षमता) तपासा.

५. प्रकाशाचं नुकसान कुठे होतं ते समजून घ्या

स्वच्छ काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, म्हणजे दोन बाजू धरून ८ टक्के. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे तिला किंचित हिरवी झाक येते. लोह कमी असलेली काच मिळाली तर उत्तम. हे नुकसान एलईडी थोडा वाढवून भरून काढता येतं.

खरं नुकसान घाणीचं. दोन आठवडे न पुसलेली काच उचलून खालून पाहा. फुटलेल्या बुडबुड्यांचे शिंतोडे उडून सुकतात, त्यांची पांढरी नक्षी होते. वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह तयार करणाऱ्या पंपाच्या) वरच्या भागात ती सगळ्यात दाट असते. मधल्या थेंबांमुळे वाळूवर उजेड-सावलीचे ठिपके पडतात. काही महिने तशीच ठेवली तर चुन्याचा थर बसतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही. म्हणून स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: दर आठवड्याला काच पुसणं जमेल का? नसेल जमणार तर प्रकाशावर जगणाऱ्या प्रवाळांवर काच ठेवू नका.

६. आता ठरवा

तुमच्या नोंदी समोर ठेवा.

फक्त मासे असलेला टँक, खोली थंड किंवा कोरडी, तापमान आवाक्यात: काच घ्या. मोरे ईल असेल तर काचच, तीही क्लिपांनी बसवलेली. नवे मासे वेगळे ठेवायच्या क्वारंटाइन टँकवर झाकण हवंच, कारण घाबरलेले मासे तिथेच असतात.

प्रवाळांचा टँक, जोरदार दिवे, संध्याकाळी तापमान वर: जाळी. ६ मिलिमीटर छिद्रांची पारदर्शक पॉलिप्रॉपिलीन जाळी खिडकीच्या जाळीसारख्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवतात. बारीक गोबी किंवा लहान फायरफिश असतील तर ३ मिलिमीटरची. जाळीतून हवा खेळते, पाणी आटतं, प्रकाशही फारसा अडत नाही. दिव्यांच्या डिफ्यूझरची चौकोनी छिद्रांची प्लास्टिक पट्टी काही जण वापरतात, पण तिची छिद्रं सव्वा सेंटिमीटरच्या आसपास असतात. सडपातळ मासा त्यातून सहज निघतो.

छोटा टँक, ऑटो टॉप-अप नाही, दिवसभर घरी कुणी नाही: इथे माझा कल काचेकडे आहे, मागे चांगली फट सोडून. तापमान सांभाळता येत असेल तर क्षारता रोज हेलकावे खाण्यापेक्षा हे बरं. प्रवाळ असतील तर आठवड्याची पुसणी मात्र चुकवता येणार नाही.

एक बाब बरेच जण विसरतात. टॉप-अपच्या पाण्यात चुन्याची निवळी मिसळून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी भरून काढणारे आहेत. काच ठेवली की पाणी कमी आटतं, म्हणून निवळीही कमी जाते. तुमच्या प्रवाळांची गरज त्यावरच भागत असेल तर काच ठेवण्याआधी दुसरी सोय करा.

खोलीचाही विचार हवा. रोज चार-पाच लिटर पाणी हवेत जात असेल आणि खोली बंद असेल, तर भिंतींना बुरशी येते. अशा ठिकाणी काच आणि चिलर हा खर्च योग्य ठरू शकतो.

७. काचेचं माप आणि बांधणी

काच टँकच्या काठावर ठेवू नका, काठाच्या आत बसवा. काठावर ठेवलेल्या काचेखाली साचलेलं पाणी कडेपर्यंत ओघळतं, काच आणि काठ यांच्या मधून बाहेर झिरपतं आणि टँकच्या बाहेरच्या बाजूला मिठाचा पांढरा थर चढत जातो. आत बसवलेल्या काचेवरचा थेंब टँकमध्येच परत पडतो. यासाठी काठाला अडकवायच्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात. आतून आडव्या काचपट्ट्या असतील तर त्यांच्यावरही टेकवता येते.

टँकची आतली लांबी-रुंदी तीन-तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान माप धरा. त्यातून ३ ते ४ मिलिमीटर कमी करा. काच एकसंध करू नका. ९० बाय ४५ सेंटिमीटरची ५ मिलिमीटर जाडीची काच जवळजवळ पाच किलो भरते, ओल्या हातांनी ती उचलणं धोक्याचं. दोन किंवा तीन तुकडे करा. कडा घासून गुळगुळीत करून घ्या आणि पुढच्या तुकड्याचा एक कोपरा बोट घालण्यापुरता छाटून घ्या. टफन (उष्णतेने कडक केलेली) काच हवी असेल तर सगळे काप आणि भोकं आधीच करून घ्या, टफन केल्यावर ती कापता येत नाही.

मागे पाइप आणि वायरींसाठी जागा सोडताना तुमच्या सगळ्यात बारीक माशाचं डोकं डोळ्यांसमोर ठेवा. पाण्याच्या पाइपाशेजारची बोटभर फट तुम्हाला क्षुल्लक वाटते, फायरफिश नेमका तिथून जातो. उरलेल्या फटी जाळीच्या पट्टीने बुजवा. हवा खेळती राहील. ओव्हरफ्लोच्या पेटीवरही (जिथून पाणी खाली संपमध्ये उतरतं) जाळी टाका, उडालेले मासे तिथेही अडकतात.

ॲक्रिलिक हलकं असतं, पण ते खालून ओलावा धरतं आणि काही दिवसांत कडा वर उचलून वाकतं. तात्पुरत्या चाचणीला ठीक, कायमचं नको. पितळी किंवा तांब्याची बिजागरी, स्क्रू, तार अजिबात वापरू नका. तांबं पाण्यात उतरलं तर कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ दगावतात. सिलिकॉन लावायचं तर बुरशीरोधक नसलेलं घ्या आणि टँकबाहेर पूर्ण सुकल्यावरच काच बसवा.

दिवा काचेवर टेकवू नका. तो वर टांगा, स्वतंत्र आधाराने. प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली उतरणारी लोंबती वळी द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत पोचणार नाही. टँकच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवं, झाकण असो वा नसो.

८. झाकण ठेवल्यावरचे पहिले दोन आठवडे

पाणी आटण्याचं प्रमाण आता बदललंय. सवयीने रोज एक जग गोडं पाणी घालत राहिलात तर क्षारता उतरत जाईल. म्हणून पुन्हा खूण बघून भरा, आणि पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड रिफ्रॅक्टोमीटरने तपासा. तापमानाची नोंद दिवसातून दोनदा चालू ठेवा. हीटर त्याच आकड्यावर ठेवा, पण तो किती वेळ चालू राहतो ते बघा.

माशांच्या श्वासाकडे पहाटे दिवे लागण्याआधी लक्ष द्या. रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद असतं, त्यामुळे ऑक्सिजन तेव्हा सगळ्यात कमी असतो. मासे पृष्ठभागाजवळ घोटाळत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर झाकण सरकवा आणि वेव्हमेकरचं तोंड वर करा.

ऑटो फीडर काचेच्या भोकावर बसवलात तर वाफेने खाद्याचे गोळे होतात आणि मग एकदम ढीग पडतो. काच असेल तर हाताने खाऊ घाला आणि काचेचा उचललेला तुकडा लगेच परत ठेवा.

९. सफाई

आठवड्यातून एकदा काच टँकवरून उचला आणि बेसिनमध्ये धुवा. टँकवर ठेवूनच पुसली तर सुकलेलं मीठ आणि घाण पाण्यात, बऱ्याचदा नेमकी प्रवाळांवर पडते. चुन्याचा थर असेल तर पांढरा व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी लावा, थोडा वेळ ठेवा, मऊ स्पंजने घासा आणि साध्या पाण्याने भरपूर धुवा. साबण, भांडी घासायची पावडर, काच चमकवायचे अमोनियावाले स्प्रे यांतलं काहीही नको. काच बाहेर असताना टँकवर जाळी टाकून ठेवा, पाच मिनिटांचंच काम असलं तरी.

जाळी असेल तर तीही धुवावी लागते. छिद्रांत मीठ साचलं की हवा आणि उजेड दोन्ही अडतात.

१०. वीज गेली तर

पंप थांबले की पृष्ठभाग हलत नाही, आणि काचेखालची फट तेवढी पुरत नाही. काचेचा पुढचा तुकडा बाजूला काढा, त्या जागी जाळी टाका आणि बॅटरीवरचा एअर पंप सुरू करा. हा पंप आणि काचेच्या मापाचा जाळीचा तुकडा टँकच्या खालच्या कपाटात ठेवा, घरातल्या सगळ्यांना ठाऊक असेल अशा जागी. वीज आल्यावर सगळे पंप फिरताहेत, स्किमर ओसंडत नाही हे पाहून मगच काच परत ठेवा.